गाडी उतरवून घेणाऱ्यालाही कळेल असा करार कसा लिहावा

शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून बनवलेले लोखंडी भाग, भरलेला टेम्पो पंचगंगेचा पूल ओलांडून कोल्हापूरच्या उद्यमनगरात येतो, तेव्हा मालक बहुतेक वेळा जागेवर नसतो. गाडी उतरवून घेतो तो सुपरवायझर. चलनावर सही करते ती स्टोअरमधली मुलगी. करार ठरला तेव्हा चहाला समोरासमोर बसलेले दोघे त्या दिवशी पुण्याला, बँकेत नाहीतर कुणाच्या लग्नाला गेलेले असतात. आणि नेमके त्याच दिवशी बारा नग खराब निघतात.

करार लिहायचा तो या तिसऱ्या माणसासाठी. बरेच जण करार न्यायाधीशाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितात. पण शंभरातले बहुतेक करार कोर्टाची पायरी कधीच चढत नाहीत. ते वाचावे लागतात ते कारखान्यात, गाडी दारात उभी असताना, फोनवर आवाज चढलेला असताना. त्या वेळी सुपरवायझरला कागदात उत्तर सापडले तर भांडण तिथेच संपते. नाही सापडले तर ज्याचा आवाज मोठा, त्याचा करार होतो.

पहिल्यांदाच करार लिहायला बसलेल्या छोट्या उद्योजकांसाठी हे लिहीत आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतो: एक फौंड्री कास्टिंग बनवते, एक मशीनशॉप ती विकत घेऊन मशिनिंग करते, म्हणजे यंत्रावर कापून नेमक्या मापाला आणते. तुमचा धंदा गुळाचा असो, इचलकरंजीच्या कापडाचा असो, हुपरीच्या चांदीचा असो किंवा चपलांचा, रीत हीच.

१. आधी वहीत, बोलल्यासारखे लिहा

इंटरनेटवरून नमुना उतरवून घेण्याआधी साध्या वहीत लिहून काढा: कोण काय देणार, किती, कुठे, कधी, किती रुपयांना, आणि बिघडले तर काय. बोलतो तसेच लिहा. "तुम्ही दर महिन्याला ८०० नग द्यायचे. मी माल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे देणार. भाडे तुमचे." हा खरा करार आहे. पुढचे सगळे काम म्हणजे यातल्या फटी बुजवणे.

ही वही समोरच्याला वाचून दाखवा. इथे आपल्याकडे एक अडचण येते. "असू दे की ओ, आपण काय परके हाय काय?" असे कुणीतरी म्हणतेच, आणि ते मनापासून म्हणते. दिलेला शब्द पाळणारी माणसे इथे खूप आहेत, ते मी स्वतः पाहिले आहे. पण दोन प्रामाणिक माणसांच्या डोक्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ असू शकतात, आणि ते दोघांनाही माहीत नसते.

याचा सगळ्यात प्रसिद्ध खटला आपल्या मुंबईच्या कापसाचा आहे. १८६४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात तो चालला. सुरती कापसाच्या १२५ गासड्या 'पीअरलेस' नावाच्या जहाजातून मुंबईहून लिव्हरपूलला येतील, असे करारात होते. पण त्या नावाची दोन जहाजे मुंबईहून निघणार होती, एक ऑक्टोबरमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. घेणाऱ्याच्या मनात पहिले होते, विकणाऱ्याच्या मनात दुसरे. डिसेंबरचा माल आल्यावर घेणाऱ्याने तो नाकारला, आणि न्यायालयाने त्याच्याच बाजूने निकाल दिला. कुणी कुणाला फसवले नव्हते. फक्त महिना लिहिलेला नव्हता. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम १३ हेच सांगते: दोघांची संमती एकाच गोष्टीला आणि एकाच अर्थाने असली पाहिजे.

म्हणून ओळखीच्या माणसाशी करार करताना "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून" असे वाटू देऊ नका. "आपण दोघे नसताना आपल्या पोरांना कळावे म्हणून" असे सांगा. ते खरेही आहे.

२. दोन्ही बाजूंना कामावरून नाव द्या

जुन्या कागदांत 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असतात. ही नावे खरेदीखत, कर्जखत यांसाठी ठीक होती, कारण तिथे एक देतो आणि दुसरा घेतो. पुरवठ्याच्या करारात दोघेही देतात आणि दोघेही घेतात. चौथ्या पानावर 'लिहून देणार यांनी' वाचले की माणूस पुन्हा पहिले पान उघडतो. 'पक्षकार क्रमांक १' आणि 'पक्षकार क्रमांक २' यांचेही तेच.

पहिल्या परिच्छेदात दोन्ही संस्थांची पूर्ण कायदेशीर नावे, पत्ता, जीएसटी क्रमांक लिहा आणि तिथेच सांगा: यापुढे यांना 'फौंड्री' आणि यांना 'मशीनशॉप' म्हटले आहे. मग शेवटच्या ओळीपर्यंत तीच नावे.

मालाचेही तसेच. शाळेत निबंध लिहिताना आपल्याला शिकवले होते की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. करारात ते विसरा. पहिल्या कलमात 'कास्टिंग', तिसऱ्यात 'माल', सातव्यात 'उत्पादन' आणि नवव्यात 'वस्तू' लिहिले, की वाद घालणाऱ्याला चार वेगळ्या गोष्टी दिसू लागतात. कास्टिंग म्हणजे कास्टिंग. कंटाळा आला तरी तोच शब्द.

३. प्रत्येक वाक्यात करणारा माणूस दिसू द्या

मराठी करारांचा सगळ्यात मोठा रोग एका शब्दप्रयोगात आहे: 'करण्यात येईल'. 'भरपाई देण्यात येईल', 'तपासणी करण्यात यावी', 'कळविण्यात येईल'. सरकारी पत्रांतून ही सवय आपल्याला लागली. वाक्य भारदस्त वाटते, पण काम कुणाचे ते गायब होते. पेन घ्या आणि प्रत्येक 'करण्यात येईल' खाली रेघ मारा. मग विचारा, कोण करणार? उत्तर कर्ता म्हणून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. "भरपाई देण्यात येईल" याचे "फौंड्री मशीनशॉपला भरपाई देईल" झाले, की निम्मा करार स्वच्छ होतो.

दुसरा सापळा 'त्याच्या', 'त्यांच्या' या शब्दांचा. "फौंड्रीने मशीनशॉपला त्यांच्या खर्चाने माल पोहोचवावा." खर्च कुणाचा? मराठीत 'स्वतःच्या' आणि 'आपल्या' हे शब्द आहेत, पण करारात तेही धोक्याचे. नाव पुन्हा लिहा: "फौंड्री कास्टिंग मशीनशॉपच्या दारात पोहोचवेल. भाडे फौंड्री देईल." दोन छोटी वाक्ये झाली, तर होऊ द्या.

क्रियापदाची ताकदही ठरवून घ्या. 'करावे' हा हुकूम आहे की सल्ला, यावर भांडता येते. 'शक्यतो', 'अपेक्षित आहे', 'प्रयत्न करील' या शब्दांनी बंधन येत नाही. जे केलेच पाहिजे तिथे 'करील' किंवा 'करणे बंधनकारक आहे'. जे केले तर चालेल तिथे 'करू शकेल'. पूर्ण करारात हे दोनच प्रकार ठेवा.

'व' आणि 'किंवा' तपासा. "तपासणी अहवाल व मटेरियल सर्टिफिकेट नसल्यास माल परत" याचा अर्थ दोन्ही नसतील तरच परत, की एखादे नसेल तरी परत? "दोन्हींपैकी एक जरी नसले तरी" असे लिहायला दोन शब्द जास्त लागतात, इतकेच.

४. आठ दिवस म्हणजे किती दिवस?

सोमवारी कुणी "आठ दिवसांनी या" म्हटले, तर आपण पुढच्या सोमवारी जातो. म्हणजे सात दिवसांनी. 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे, म्हणजे चौदा. बोलताना हे सगळ्यांना कळते. कागदावर मात्र ८ म्हणजे ८ आणि १५ म्हणजे १५. एका दिवसावरून दंड लागणार असेल, तर हा फरक पैशांचा आहे.

"पाडव्याला हिशेब चुकता करू" हे वाक्य तर लेखी करारातही मी पाहिले आहे. कोणता पाडवा? व्यापाऱ्याच्या मनात दिवाळीचा, दुसऱ्याच्या मनात गुढीपाडवा. मध्ये जवळपास पाच महिने. 'दिवाळीपर्यंत' म्हणावे तर वसुबारस की भाऊबीज? २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावरच घराघरांत चर्चा झाली होती. सणाचे नाव बोलण्यात ठेवा, करारात तारीख लिहा.

मुदत लिहिताना तीन गोष्टी सांगा: मोजणी कोणत्या घटनेपासून सुरू होते, तो पहिला दिवस धरायचा की नाही, आणि सुट्टीचे दिवस मोजायचे की नाहीत. "मशीनशॉपच्या गेटवर चलनावर शिक्का पडला ती तारीख सोडून पुढचे ३० दिवस, सुट्ट्या धरून." बिलाची तारीख, माल निघाल्याची तारीख आणि माल पोहोचल्याची तारीख या तीन वेगळ्या तारखा आहेत. 'बिलापासून ३० दिवस' लिहिले आणि बिल मालाच्या आधीच आले, तर काय होईल ते तुम्हीच पाहा.

पैशांच्या मुदतीबाबत कायदाही माहीत हवा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि त्याची उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे करारात कितीही मुदत लिहिली तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. लेखी मुदत ठरलीच नसेल, तर १५ दिवस. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. पैसे थकले तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. म्हणून 'पेमेंट ९० दिवस' असे मोठ्या कंपनीने छापून पाठवले, तर आपली नोंदणी पाहा आणि नम्रपणे हा कायदा दाखवा.

५. आकडा एकटा सोडू नका

करार कायद्याच्या कलम २९ खाली एक उदाहरण दिले आहे. एकाने दुसऱ्याला 'शंभर टन तेल' विकायचे ठरवले, पण कोणते तेल ते कळायला मार्गच नाही. असा करार अनिश्चित म्हणून रद्दबातल. तोच माणूस फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर मात्र धंद्यावरून अर्थ कळतो आणि करार टिकतो. आपल्या शाहूपुरीत 'शंभर रवे गूळ' म्हटले, तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, ३० किलोचा की १० किलोचा हे लिहायलाच हवे.

कास्टिंगला आकड्यांच्या जागा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक ठिकाणी पैसा गळतो. दर किलोवर की नगावर? वजन कोणत्या अवस्थेतले, फेटलिंगनंतरचे (म्हणजे कडेचा जास्तीचा धातू काढल्यानंतरचे) की आधीचे? कोणाच्या काट्यावर? ड्रॉइंगप्रमाणे नगाचे वजन ८.२ किलो असताना प्रत्यक्षात ८.६ भरले, तर वरच्या ४०० ग्रॅमचे पैसे कोण देणार? दर जीएसटी धरून की वगळून? ग्रेड नुसता 'चांगल्या प्रतीचे बीड' (ओतीव लोखंड) असा लिहू नका. एफजी २६० असे ग्रेडचे ठरलेले नाव लिहा. ड्रॉइंगचा क्रमांक लिहा, आणि त्याच्यापुढे रिव्हिजन क्रमांक लिहायला विसरू नका. रिव्हिजन २ प्रमाणे ओतलेले नग रिव्हिजन ३ मध्ये बसले नाहीत, या कारणाने भंगारात गेलेला ढीग मी पाहिला आहे. त्या करारात ड्रॉइंगचा क्रमांक अगदी बरोबर होता.

व्याजाचा आकडा विशेष जपून लिहा. बाजारात 'दोन टक्के' म्हणजे महिन्याला दोन. बँकेत दोन टक्के म्हणजे वर्षाला. जुन्या कागदांत 'द.सा.द.शे.' लिहीत, म्हणजे दर साल दर शेकडा. किती नेमका शब्द आहे तो! तो परत वापरायला हरकत नाही, नाहीतर 'वार्षिक १८ टक्के, सरळव्याज' असे पूर्ण लिहा.

आणि जिथे हिशेब आहे, तिथे करारातच एक उदाहरण सोडवून दाखवा. "उशिराच्या प्रत्येक दिवसाला त्या खेपेच्या किमतीच्या अर्धा टक्का, कमाल ५ टक्के. उदाहरण: खेप २,००,००० रुपयांची आणि उशीर ६ दिवस. दररोज १,००० याप्रमाणे ६,००० रुपये. उशीर १० दिवसांहून जास्त झाला तरी १०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही." हिशेब सोडवून दाखवला की सूत्रातली चूक सही करण्याआधीच सापडते.

दंडाबद्दल एक गैरसमज आहे. मोठा आकडा लिहिला म्हणजे तो मिळालाच, असे नाही. कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाई देते, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. धाक दाखवणाऱ्या आकड्यापेक्षा खऱ्या नुकसानीच्या जवळचा आकडा लिहा.

६. रिजेक्शनचे कलम

इथे थांबून वेळ द्या, कारण आपल्याकडची निम्मी भांडणे याच एका कलमात आहेत. नेहमी दिसणारे कलम असे असते:

"सदर मालामध्ये काही दोष आढळल्यास त्याबाबत योग्य त्या कालावधीत कळविण्यात यावे व त्यानुसार माल बदलून देण्यात येईल अथवा त्याची रक्कम वजा करण्यात येईल व याबाबतचा निर्णय अंतिम राहील."

वाचायला ठीक वाटते. आता सुपरवायझरच्या जागी उभे राहा. कुणी कळवायचे? कुणाला, फोनवर की लेखी? 'योग्य कालावधी' म्हणजे दोन दिवस की दोन महिने? बदलून घ्यायचे की पैसे कापायचे, हे कोण ठरवणार? 'त्याची रक्कम' म्हणजे कास्टिंगची किंमत, की त्यावर झालेले मशिनिंगही? निर्णय कुणाचा अंतिम? एका वाक्यात सहा वाद आहेत.

यातला मशिनिंगचा मुद्दा सगळ्यात दुखरा. ब्लो होल, म्हणजे ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी, वरून दिसत नाही. दोन सेटिंग पूर्ण होतात, तिसऱ्या कटला टूल आत जाते आणि पोकळी उघडी पडते. तोवर मशीनशॉपचा वेळ, वीज, टूल सगळे खर्च झालेले असते. फौंड्री म्हणते, माझ्या लोखंडाचे पैसे कापा, मशिनिंगशी माझा काय संबंध? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. मी हिशेबाच्या टेबलावर असताना अशाच चाळीस नगांवरून बारा वर्षांचा व्यवहार तुटलेला पाहिला. दोन्ही घरांत एकमेकांकडे जाणे-येणे होते. रक्कम एका चांगल्या मोबाइलच्या किमतीएवढी होती. त्यावर कागदात एक ओळ असती तर ते दोघे आजही एकत्र काम करत असते, असे मला अजून वाटते.

तेच कलम असे लिहा:

"अ. वरून दिसणारे दोष आणि मापे मशीनशॉप कास्टिंग मिळाल्यापासून १० दिवसांत तपासेल.

आ. आतला दोष मशिनिंग करताना सापडला, तर मशीनशॉप तो सापडल्यापासून ३ दिवसांत कळवेल. कास्टिंग मिळून ९० दिवस झाल्यावर सापडलेल्या दोषाची जबाबदारी फौंड्रीवर नाही.

इ. मशीनशॉप फौंड्रीच्या खाली दिलेल्या ईमेलवर नगांची संख्या, हीट नंबर (त्या ओतणीचा क्रमांक) आणि फोटो पाठवेल. फक्त फोनवर सांगितलेले धरले जाणार नाही.

ई. फौंड्री ५ दिवसांत माणूस पाठवून नग पाहील. माणूस आला नाही, तर मशीनशॉपने पाठवलेली नोंद मान्य धरली जाईल.

उ. खराब नगांच्या बदली नवे नग घ्यायचे की किमतीची डेबिट नोट काढायची, हे मशीनशॉप ठरवेल. बदली नग फौंड्री १५ दिवसांत देईल.

ऊ. आतल्या दोषामुळे वाया गेलेल्या मशिनिंगसाठी फौंड्री प्रत्येक नगाला परिशिष्ट २ मध्ये लिहिलेली रक्कम देईल. त्याहून जास्त काही देणार नाही.

ए. खराब नग फौंड्री फौंड्रीच्या गाडीने परत नेईल. ३० दिवसांत नेले नाहीत, तर मशीनशॉप ते भंगारात विकून ती रक्कम फौंड्रीच्या खात्यावर जमा दाखवेल."

लांब झाले, हे खरे. पण प्रत्येक ओळीत एकच काम, एकच माणूस, एकच मुदत आहे. दिवसांचे आकडे तुमच्या धंद्याप्रमाणे बदला. पॅटर्न (ज्यावरून साचा घडवतात तो नमुना) कुणाच्या मालकीचा, तो दुरुस्त कोण करणार आणि व्यवहार थांबल्यावर किती दिवसांत परत द्यायचा, यासाठीही असेच दोन-तीन ओळींचे कलम हवे. ते नसेल तर शेवटच्या बिलासाठी पॅटर्न अडकवून ठेवला जातो.

७. पुराचे कलम कोल्हापूरचे असू द्या

'नैसर्गिक आपत्ती, युद्ध, संप वगैरे कारणांमुळे' ही ओळ सगळ्या करारांत असते. 'वगैरे'मध्ये काय येते ते कुणालाच माहीत नसते. आपल्याला युद्धापेक्षा पंचगंगा जवळची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. अशा वेळी फौंड्रीत माल तयार असतो आणि पलीकडे पोहोचवता येत नाही.

सुदैवाने आपल्याकडे मोजता येणारी खूण आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ती जिल्हा प्रशासन रोज जाहीर करते. मग लिहा: "राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४३ फूट किंवा त्याहून जास्त असेपर्यंत, किंवा महामार्ग शिरोलीजवळ वाहतुकीला बंद असेपर्यंत, आणि त्यानंतरचे ५ दिवस उशिराचा दंड लागणार नाही. फौंड्री पहिल्याच दिवशी ईमेलने कळवेल." महामार्ग चालू असेल तर ४२ फुटांवर सूट नाही, ४३ वर आहे. वाद घालायला जागा उरत नाही.

८. तंटा कुठे मिटवायचा

आधी दोन्ही मालक समोरासमोर बसतील, हे लिहा, पण त्याला मुदत घाला: लेखी तक्रारीपासून १५ दिवस. नाहीतर 'सामोपचाराने' या शब्दाखाली वर्ष निघून जाते, आणि करारावरून दावा लावायची मुदत साधारण तीनच वर्षांची असते.

लवाद हवा असेल तर नुसते 'लवादामार्फत' पुरत नाही. किती लवाद, कोण नेमणार, बैठक कुठे, कामकाज कोणत्या भाषेत, हे लिहा. न्यायालयाच्या कलमात आपल्या 'च'चा उपयोग करा: "कोल्हापूर येथील न्यायालयांनाच अधिकार राहील." 'फक्त' किंवा 'च' नसला तरी करारामागचा हेतू पाहता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. तरीही एक अक्षर लिहून प्रश्नच मिटत असेल तर लिहावे. ज्या गावाचा व्यवहाराशी काही संबंध नाही, तिथल्या न्यायालयाला मात्र करार करून अधिकार देता येत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे, त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठायची धास्तीही कमी झाली.

'निर्णय अंतिम राहील, कोठेही दाद मागता येणार नाही' अशी ओळ कुणी घातली तर काढायला सांगा. कलम २८ मुळे ती टिकत नाही. उगाच समोरच्याला घाबरवते आणि आपली पत कमी करते.

९. भाषा, स्टॅम्प, सही

मराठीत लिहिलेला करार पूर्ण ग्राह्य असतो. परगावच्या कंपनीसाठी इंग्रजीतही लागला, तर दोन्हींत फरक आढळल्यास कोणती प्रत खरी धरायची ते लिहा. आणि इंग्रजी प्रत खरी असेल, तरी मराठी प्रत कारखान्यात असू द्या.

स्टॅम्प पेपर म्हणजे कर. त्याने वाईट कलम चांगले होत नाही. स्टॅम्प कमी असेल तर बाकीचे शुल्क आणि दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात घेत नाहीत, म्हणून तो टाळूही नका. पूर्वी १०० रुपयांचा कागद पुरत असे. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्याच्या जागी ५०० रुपये लागतात. काही करारांना रकमेप्रमाणे जास्त शुल्क असते, ते आधी विचारून घ्या.

नंतरच्या बदलांचे एक कलम हवे. आजकाल दर बदलतो तो व्हॉट्सॲपवर. ते चालणार असेल तर कोणत्या दोन नंबरांवरून आलेला मेसेज धरायचा ते लिहा. चालणार नसेल तर तसे स्पष्ट लिहा. मधली अवस्था सगळ्यात वाईट.

सही करण्याआधी एक दिवस मसुदा सुपरवायझरच्या हातात द्या. समजावून सांगू नका. नुसते विचारा: "गुरुवारी दुपारी गाडी आली, बारा नग खराब निघाले, मी फोन उचलत नाही. काय करशील?" त्याला कागदात बोट ठेवून उत्तर सापडले पाहिजे. "साहेब, इथे तर लिहिलेच नाही" असे तो म्हणाला, तर ते कलम परत लिहा. पैशांची दोन कलमे हिशेब लिहिणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या आणि एका खेपेचा हिशेब तिला करायला लावा. तिचा आणि तुमचा आकडा जुळला पाहिजे. मोठी रक्कम किंवा मोठी मुदत असेल, तर यानंतर वकिलांना दाखवा. स्वच्छ मसुदा नेला तर त्यांचे लक्ष खऱ्या धोक्यांकडे जाते. आणि लक्षात असू द्या, कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर न्यायालय बहुधा ज्याने ते लिहिले त्याच्याविरुद्धचा अर्थ घेते. तेव्हा लिहिण्याचे काम तुमच्याकडे असेल, तर स्वच्छ लिहिण्यात तुमचाच फायदा आहे.

सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे का पाहा. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, कंपनी असेल तर ठराव. प्रत्येक पानावर सही, परिशिष्टांवरही, ड्रॉइंगवरही. मग मूळ प्रत तिजोरीत ठेवा, आणि रिजेक्शनचे कलम, ईमेल पत्ता आणि मुदतींचा तक्ता असे एक पान प्लास्टिकमध्ये घालून स्टोअरच्या भिंतीला, वजनकाट्याच्या वर, टांगून ठेवा.